काचेपलीकडचा वैमानिक

तिच्या हवाई वाहतूक नियंत्रकाच्या प्रशिक्षणात पडद्यावरच्या सगळ्या खोट्या विमानांचे वैमानिक एकच: काचेपलीकडे माइक घेऊन बसलेले निवृत्त काका. तिच्या चुकीने दोन ठिपके एकमेकांवर आले की ते ओरडायचे, “मेलो गं पोरी! आजचा चहा तुझ्याकडून.” सहा महिन्यांत तिने त्यांना अकरा वेळा मारलं होतं.

आज टॉवरमधल्या पहिल्या ड्युटीत विमानं खरी होती, माणसांनी भरलेली. उंचीचा, दिशेचा प्रत्येक आकडा ती वैमानिकाकडून परत वदवून घेत होती. तिच्या ड्युटीतलं शेवटचं विमान धावपट्टीला टेकलं, तेव्हा कुठे तिने लॉकरमधला फोन काढला. काकांचा सकाळचा मेसेज होता.

“मुद्दाम तुझ्याच ड्युटीच्या वेळेचं तिकीट काढलंय. वाचलो, तर चहा माझ्याकडून.”