पाठीतलं वारं

खिडकीच्या फटींत कोंबलेली मेंढीची लोकर. किर्गिझस्तानातल्या नारिनमधला जानेवारी, बाहेर उणे पंचवीस. आत सर्व्हर थंड ठेवायला अहोरात्र घरघरणारा एसी. बिश्केकहून मालकाचा निरोप: विजेचा खर्च आवर, नाहीतर सर्व्हर इकडे हलवतो आणि तुमच्या ऑफिसला टाळं लावतो.

शाखा सांभाळणाऱ्या तालायने दिवे विझवले, चहाची किटलीही बंद केली. बिल काही हललं नाही. त्यातच एका दुपारी एसी बंद पडला. सर्व्हरच्या खोलीत भट्टी पेटल्यासारखं झालं. तालायने लोकर उपसली आणि खिडकी सताड उघडली.

"मेल्या, लाव ती!" हिशेब बघणारी बुरुलकान एजे ओरडली. एजे म्हणजे थोरली बहीण; ती सगळ्यांचीच एजे, आणि लांडग्याला भ्यावं तशी वाऱ्याच्या झुळकेला भिणारी. "पाठीत वारं भरेल! तुझी यंत्रंसुद्धा गारठतील!"

"त्यांना ताप चढलाय, एजे."

संध्याकाळपर्यंत सर्व्हर निवले. एसी मग कुणी दुरुस्त केलाच नाही. पुढचं बिल पाहून मालकाचा फोन आला. "मीटर बिघडलाय का रे?" टाळ्याचा विषय त्याने काढलाच नाही. तालाय मटकन खुर्चीत बसला आणि हसत सुटला. त्याने किटली लावली.

सर्व्हरमागची ऊन हवा आता नळकांड्यातून एजेच्या टेबलाखाली येते. "हे वारं चालेल," म्हणत तिने बूट काढले.

मुळात पूर्वी तो एसी बसवायला माणसं आली, तेव्हा त्यांना थंडी वाजू नये म्हणून ही खिडकी बंद केली होती; नंतर ती कुणी उघडलीच नव्हती.