फक्त कोट

शिंपीणबाईंच्या दुकानात सगळंच शिवून मिळायचं. पँट हमखास उसवायला परत यायची, फ्रॉकचीही तीच गत. कोट मात्र अंगावर असा बसायचा, की माणूस आरशापुढून हलायचा नाही. एक दिवस बाईंनी जुनी पाटी उतरवली आणि नवी लावली: ‘इथे फक्त कोट शिवून मिळतील.’

सासूबाईंनी कपाळाला हात लावला. “अगं, पँटचं गिऱ्हाईक समोरच्या टेलरमास्तरांकडे पाठवतेस? त्यांची तर चांदीच झाली!”

“पँट त्यांच्याच हातची चांगली होते, आई. किती वर्षं त्यांच्याशी बरोबरी करत बसू?”

सुरुवातीला मशीन दिवसदिवस बंद असायची. पण पाटी बाईंनी बदलली नाही.

मग एका सकाळी समोरचे मास्तरच दुकानाची पायरी चढले.

“आले जखमेवर मीठ चोळायला,” सासूबाई पुटपुटल्या.

मास्तरांनी काखेतलं भारी कापड टेबलावर ठेवलं आणि दोन्ही हात पसरून बाईंसमोर ताठ उभे राहिले.

“लेकीच्या लग्नात मिरवायचंय, बाई. घ्या माप.”