ओळखीचं माणूस

"यायला काउंटीची व्हॅन मिळेल, मॅम. पण मोतीबिंदू काढल्यावर घरी न्यायला ओळखीचं माणूसच हवं," हॉस्पिटलातली मुलगी म्हणाली. या आठवड्यातला हा आमचा तिसरा फोन.

माझ्या दोन मैत्रिणींपैकी विल्मा गेल्या हिवाळ्यात गेली. डॉरिसने गाडी चालवणं सोडलं. नेब्रास्कातल्या आमच्या गावचं हॉस्पिटल बंद झाल्यापासून नव्वद मैल जावं लागतं. ते चालू होतं तेव्हा अडलेल्या बायकांना मीच साडी खोचून स्टेशन वॅगनमधून पोचवायचे. एकीला तर वाटेतच, मक्याच्या शेताशेजारी मुलगी झाली.

"शेजारी कुणी?"

"चार मैलांवर एक म्हातारा आहे. त्याला माझ्याहून कमी दिसतं."

ती हसली. "मग तारीख रद्द करावी लागेल."

"तू किती वाजता सुटतेस?"

"मी? पाचला."

"तीनदा बोललो, म्हणजे आपली ओळख झालीच."

"तुमचं ऑपरेशन दहाला आटोपेल, मॅम!"

"बसेन की. तिथे निदान माणसं असतील."

पलीकडे टायपिंग थांबलं.

"बरं, माझंच नाव टाकते," ती म्हणाली. "स्वेटर आणा मात्र. इथे दिवसभर बसलं की गारठतं."