राजाचे दात

"कानस लावली ना घरी?"

बिसरामबाबा खुर्चीत चपापले. त्यांची जुनी कवळी डॉक्टर नूतनच्या हातात होती. आतल्या रेघा ती नखानं चाचपत होती.

"टोचून राहिली होती बाई. विळ्याची कानस होती घरी, मारले चार हात. का करू मंग?"

ती हसली नाही, रागावलीही नाही. याआधीच्या दोन डॉक्टरांनी तर हातच जोडले होते. खालचा जबडा झिजून पाटीसारखा सपाट, वरची हिरडी पुढून लुसलुशीत, तोंडात लाळ कमी. कवळी टिकेल कशाच्या आधारावर?

पण टिकायलाच हवी होती. दिवाळीनंतर केशोरीला मंडईची जत्रा भरते, तिथं रात्री रंगणाऱ्या दंडारीच्या नाटकात चाळीस वर्षं राजा कोण? बिसराम! मागल्या साली भर प्रवेशात कवळी उडाली ती थेट ढोलकीवाल्याच्या मांडीवर. पोट्टे अजून हसतात. यंदा मंडळानं तोंडावर सांगितलं, दात बसले तर ठीक, नाहीतर मुकुट भोजराजला. भोजराजला! 'सिंहासन' म्हणता म्हणता ज्याला धाप लागते, त्याला!

"दहा सालापासून दात नाई," बाबा म्हणाले. "जबडा असा काऊन झाला?"

"दात गेले का जबडा झिजत जाते, बाबाजी. अन् ज्याले दात येतच नाई, त्याचा आधीपासूनच असा सपाट."

"असाई मानूस रायते?"

"रायते," ती म्हणाली आणि घोटभर पाणी प्याली.

गोंदियात या तिशीतल्या पोरीचं मोठं नाव. पण नखरे काय कमी! दिवाळी तोंडावर आली तरी कूलर सुरू, डोक्यावर ओली ओढणी, अंगावर घामाचा टिपूस नाही, दर घटकेला पाणी. शहराची हवा लागली, बाबा मनात म्हणाले. कामात मात्र, वा रे पोरी!

तिनं मऊ केलेलं मेण तोंडात बसवलं आणि म्हणाली, "आता राजाचं बोला."

"मेन ठेऊन?"

"हो. तुमची जीभ अन् गाल जिथं जागा देतील, तिथंच दात बसवायचे."

"सेनापती, सिंहासनासमोर शस्त्र टाक!" बाबा कसेबसे गरजले. तिनं पाच वेळा म्हणवून घेतलं. खुपतं कुठं हे सांगायच्या आधीच तिचं बोट नेमकं तिथं. जांभई देताना काय होतं, भात चावताना काय होतं, सगळं तिला ठाऊक. बाबा थक्कच झाले.

मंडईला आठ दिवस उरले तेव्हा नवी कवळी तोंडात बसली. राजा गरजला आणि 'सिंहासना'वर खालचे दात उचलून आले. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा बाबांनी कवळी काढून टेबलावर ठेवली. डोळे भरून आले होते.

"जिभेनं धरायची, बाबाजी. आधी घोटभर पाणी. सवय होते."

"सवय?" बाबा भडकले. "तुया तोंडात बत्तीसच्या बत्तीस मोती! तुले बोळक्या तोंडाचं का समजते? कायले खोटी आस लावून राहिली?"

नूतन घोटभर पाणी प्याली, उभी राहिली आणि तिनं खोली दणाणून सोडली.

"सेनापती, सिंहासनासमोर शस्त्र टाक!"

बाहेरचे पेशंट दारात डोकावले. एक अक्षर फाटलं नव्हतं.

तिनं दार लोटलं, खण उघडला आणि टेबलावर एकेक कवळी मांडू लागली. पहिली इवलीशी, चार वर्षांच्या लेकराच्या तोंडात मावेल एवढी. आतून कानशीच्या रेघा.

"चिचगडले घरी माया बाबूजीनं घासली होती. टोचून राहिली म्हणून. दात अन् घाम, दोन्ही आलेच नाई मले."

दुसरी जराशी मोठी. तिसरी, चौथी, पाचवी त्याहून मोठ्या.

मग नूतननं दोन्ही हात आपल्या तोंडाशी नेले आणि सहावी काढून रांगेत ठेवली.