पडद्याची बडबड

"गप्प बस!" मूकपटांचे वेडे टिपणीस भिंतीवरच्या पडद्यावर खेकसले. चंद्रस्वारीच्या जुन्या मूकपटात नायिका प्राण सोडत होती, आणि पडदा तिचे ओठ वाचून मोठ्यांदा सांगत होता, "जेवणाची सुट्टी कधी होणार?"

"सगळी मजा घालवली! हा आवाज बंदही करता येत नाही. थापा मारतंय मेलं!" ते बायकोला म्हणाले. "थांब, आपल्या लग्नाची फिल्म लावतो. मुकीच आहे. तू त्या दिवशी तोंडसुद्धा उघडलं नव्हतंस."

अंतरपाट दूर झाला. हार धरलेली हेमलता करवलीकडे वळून पुटपुटली. पडदा बोलला, "हा माणूस मला जन्मभर बोलू देणार नाही."

"बघ, काहीही बरळतंय!"

"अहो, मी खरंच तेव्हा..." शेंगा सोलता सोलता हेमलताबाई म्हणाल्या.

"तू मध्ये बोलू नकोस!"