मिएनबाईच्या गाठी

"डावीकडची जड आहे," लुओंग म्हणाला आणि त्याने बरणी टोपलीतून पुन्हा बाहेर काढली.

"दोन्ही एकाच मापाच्या आहेत. माझ्याच हातच्या."

"माप एक असेल, मिएनबाई. वजन नाही."

त्याने उजव्या टोपलीच्या तळाशी अर्धी वीट ठेवली, तिच्यावर पेंढा पसरला आणि बरणी बसवली. मग मोटारसायकल दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवली. काही वाजलं नाही.

एरवी तो कुणाचंही ओझं वाहायचा. डुकरं, दरवाजे, सणाच्या दिवसांत संत्र्यांची झाडं. पौर्णिमेचा दिवस मात्र मिएनबाईच्या भट्टीचा. दर पौर्णिमेला मातीच्या दोन रिकाम्या बरण्या, गुडघ्याइतक्या उंच, सोयाबीन आंबवायला वापरतात तशा. अकरा वर्षांत एकीचाही टवका उडाला नव्हता. वजन खाली, दोन्ही बाजूंना सारखं, आणि भांडं जिथे बांबूला टेकतं तिथे पेंढा. त्यावरून चाकाच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या ताणून बांधायच्या. झाकणावरची सुतळी मिएनबाई स्वतः आवळायची. तिच्या गाठीला तो हात लावत नसे. त्याच्या पट्ट्या तिला वळसा घालून जायच्या.

"एवढं तर मी माझ्या नातवाला थंडीत गुंडाळलं नाही," ती म्हणाली.

तिची भट्टी कालपासून थंड होती. परवा सकाळच्या रेल्वेने ती दक्षिणेला मुलीकडे जाणार होती, कायमची. लुओंगला तिला एकच वाक्य सांगायचं होतं. ते अकरा वर्षं राहून गेलं होतं आणि आता आजचाच दिवस उरला होता. त्याने आणखी एक पट्टी घेतली आणि गरज नव्हती तिथे बांधली.

"बरण्या घेणारा तुमचा तो व्यापारी काय म्हणतो?" मिएनबाईने विचारलं. हे ती दर खेपेला विचारायची.

"माल चांगला म्हणतो."

"बरणी उघडून बघतो ना?"

"बघतो की. न बघता कोण घेईल?"

"आणि बघून काहीच बोलत नाही?"

"कमी बोलणारा माणूस आहे."

"अकरा वर्षांत एक शब्द नाही! मुका आहे का मेला?" तिने बांबूची टोपी डोक्यावर घातली आणि हनुवटीखाली बंद बांधला. "आज मी येते. जाण्याआधी त्याचं तोंड बघू दे एकदा."

लुओंगचा हात थांबला. "मागे वजन वाढलं की पुढचं चाक हलकं होतं."

"माझं वजन तुमच्या विटेएवढं."

"घाट ओला आहे. नावेवर गाडी चढवताना घसरते."

"अकरा वर्षं नाही घसरली, ती आज मी बसले म्हणून घसरेल?"

ती बसलीसुद्धा.

दोन मैलांवर तो थांबला आणि त्याने प्रत्येक पट्टी चाचपून पाहिली. नदीच्या अलीकडे पुन्हा थांबला. पुढे एका झाडाखाली आणखी एकदा.

"आता काय राहिलं?"

"हादऱ्यांनी पेंढा दबतो. पट्ट्या ढिल्या पडतात."

"या चालीने माझी परवाची गाडी चुकेल."

चुकू दे, असं त्याच्या ओठांवर आलं होतं. त्याने पट्टी ओढून घट्ट केली.

नावाडी त्यांना बघून हसला. "आज तीन नग? हिला बांधलंत का नीट, लुओंग?"

"बांधलं असतं तर मी दक्षिणेला कशाला निघाले असते!" मिएनबाई म्हणाली. नावाडी मोठ्याने हसला. लुओंग गाडी नावेवर चढवू लागला.

पलीकडच्या बांधावर रस्ता खराब होता. पहिल्या खड्ड्यात मिएनबाईने त्याचा सदरा पकडला आणि लगेच सोडला. पुढचा खड्डा त्याला लांबूनच दिसला होता. अकरा वर्षांत पहिल्यांदाच त्याने वेग कमी केला नाही.

गाडी एका बैठ्या घरासमोर थांबली. पाटी नव्हती, दुकान नव्हतं.

"हे तर कुणाचं तरी घर आहे."

"माझं," लुओंग म्हणाला.

मिएनबाईने फाटक ढकललं. भिंतीला लागून बरण्या होत्या. वळचणीखाली होत्या, फणसाच्या बुंध्याभोवती होत्या, पायरीच्या दोन्ही बाजूंना होत्या. अडीचशेच्या वर असतील. सगळ्या तिच्याच भट्टीच्या तपकिरी रंगाच्या.

"व्यापारी नाही," तो म्हणाला. "कधीच नव्हता."

"ते मला पहिल्याच वर्षी कळलं. तुमच्या गावची मासेवाली आमच्या बाजारात बसते." ती पुढे गेली. एका झाकणावरून तिने बोट फिरवलं, मग दुसऱ्या. तिची चाल हळू झाली. "या उघडल्या नाहीत तुम्ही?"

"नाही."

"एकही?"

"तुमच्या हातच्या गाठी होत्या. सोडवेनात."

मिएनबाई कोपऱ्यातल्या सगळ्यात जुन्या बरणीपाशी खाली बसली. सुतळी कुजली होती, हात लावताच तुटली. तिने झाकण काढलं, आत तळापर्यंत हात घातला आणि मूठ बाहेर काढून उघडली. तळहातावर एक विडा होता. वाळून काळा पडलेला, पण दोन्ही बाजूंना पाखराच्या पंखांसारखा दुमडलेला. नदीच्या दोन्ही काठांवर बाई असा विडा लावते तो लग्नाला होकार म्हणून, एकाच माणसाला, हे लुओंगला कुणी सांगायची गरज नव्हती.

तिने दुसरी बरणी उघडली. मग तिसरी.

"मला वाटलं, तुम्ही काही बोलत नाही हेच तुमचं उत्तर," मिएनबाई म्हणाली आणि चौथ्या बरणीची गाठ सोडायला वाकली.