एका घराचा कचरा

दुर्गाबाईने टोपलं उचलून हलवून पाहिलं. कांद्याची चार टरफलं, उकळलेली चहापत्ती, मागावरचे तुटके धागे. तळसुद्धा झाकला नव्हता. एवढ्यासाठी कचरा नेणारा डोमा आख्खी हातगाडी ढकलत येणार, आणि मग एक दिवस येणार नाही, हे तिला लख्ख दिसत होतं.

महिन्याभरापूर्वी नगरपंचायतीची मुलगी कागद घेऊन दारोदार फिरली. कचरा आता गाडी नेईल; ज्यांना गाडी नको, त्यांनी आपली सोय आपण करावी. गल्लीतल्या बाकीच्या एकोणीस घरांनी गाडी लिहून दिली. गाडी गाणं वाजवत येते, दोन डबे घेते, जाते. तिला चहा विचारावा लागत नाही. दुर्गाबाईने मात्र कागदावर एकेक अक्षर जोडत सही केली आणि मुलीला सांगितलं, "माह्या घरचा डोमाच नेते. त्याच्या खड्ड्यात कुजून खात बनते त्याचं. तुह्या गाडीतल्याचं काय होते, तुले तरी माहीत हाये का?"

मुलगी हसली, पण लिहून घेतलं.

सांगणं सोपं होतं. कचरा कुठून आणायचा? घरात माणसं तीन, आणि दुर्गाबाईच्या हाताखालचा संसार असा, की भाजीचं देठही वाया जाऊ नये.

तिने पदराखालून पिशवी काढली आणि टोपल्यात रिकामी केली. पिंपळाची पानं. टोपलं काठोकाठ भरलं.

"आई, लोक घरचा कचरा बाहेर टाकते," सून डिंपल दारातून म्हणाली. "तुमी बाहेरचा घरात आणून राहिल्या."

"तू चूप. गाडीचं गाणं ऐक."

आठाला डोमा आला. चपला बाहेर काढल्या, वाकून टोपलं उचललं, हातातच तोललं.

"आजबी भरलं, बाई."

"भरन नाही तं काय? मानसं राह्यतेत घरात. हवा खाऊन नाही जगत."

डोमाने वरचं एक पान देठाला धरून काढलं आणि अंगणभर नजर फिरवली. या टोकापासून त्या टोकापर्यंत मागावर चढवायचा लाल सुताचा ताणा पसरला होता. वर मोकळं आभाळ. या अंगणात झाड कधी उभंच राहिलं नव्हतं. झाड आलं की पाखरं येतात, पाखरं आली की ताण्यावर हागतात, ही दुर्गाबाईच्या सासूची शिकवण. मागच्या साली उगवलेलं पेरूचं रोपटं दुर्गाबाईने स्वतः उपटलं होतं आणि डोमानेच ते हातगाडीत घालून नेलं होतं.

"पिंपळ हाये हा," डोमा म्हणाला.

"हवेनं येते."

"देवळापासून?"

"हवेचे काय पाय दुखते?"

डोमाने पान परत टोपल्यात ठेवलं. टोपलं हातगाडीत उलटं केलं, हात धुतले आणि उंबऱ्याशी बसून बशीत चहा ओतला. दुर्गाबाई सुताची गुंडी उगाच सोडत राहिली.

"सारी गल्ली गाडीकडं गेली," ती शेवटी म्हणाली. "एका घरापायी पाय तुडवाचा कंटाळा येत असन तं सांगून दे. मी काही रडत नाही बसत."

डोमाने बशी संपवली.

"खाताले पानं लागतेच, बाई."

"मंग येत जा. तोंड काय पायतं माहं?"

तो उठला. गुडघ्यावर हात ठेवून, एका दमात नाही. दुर्गाबाई वळणापर्यंत गाडीकडे पाहत राहिली. एवढ्या मोठ्या गाडीत मूठभर पानं.

दुसऱ्या दिवशी झुंजूमुंजू होताच ती पिशवी घेऊन देवळाशी गेली आणि थबकली. पिंपळाखाली एक पान नव्हतं. मातीवर खराट्याच्या ताज्या रेघा. हेही आता गाडीवाल्यांनी नेलं, तिला वाटलं. तिने त्यांच्या सात पिढ्या उद्धरल्या, आणि शिव्या संपल्यावर पाराला धरून उभी राहिली.

मग पाराच्या मागे तिला पोतं दिसलं. पोत्याखाली पानांचा ढीग, काड्या-खडे वेचून साफ केलेला. वाऱ्याने उडू नये म्हणून वर दोन विटा. शेजारच्या धुळीत हातगाडीच्या चाकांची खूण आली होती आणि तशीच परत गेली होती.

"मेल्याले झोप नाही येत वाटते," दुर्गाबाई म्हणाली.

तिने विटा उतरवल्या, पिशवी भरली. उरलेल्या पानांवर पोतं पुन्हा नीट पांघरलं, कडा आत खोवल्या आणि उद्यासाठी विटा परत ठेवल्या.